मिशीत न धरलेले गोल

या सीझनला सांडूच्या मागच्या जाळीत एक जरी गोल गेला, तर तो आपली मिशी उतरवून गुलमंडीच्या चौकात ठेवणार होता. तसं तो चारचौघांत बोलला. संध्याकाळी आप्पासाहेबांच्या कापडदुकानाच्या ओट्यावर बसला होता, हातात चहाची बशी, आणि बोलून झाल्यावर त्यानं चहा असा भुरकला की मिशीला थेंब लागला नाही. हेही लोकांनी बघावं अशी त्याची इच्छा होती. पाचोडच्या बाजारात गाडीवरून फेकलेली टरबुजं झेलत मी लहानाचा मोठा झालोय, तो म्हणाला. टरबूज सुटलं तर फुटतं, बॉल सुटला तरी फुटत नाही, मग मला भीती कशाची. ह्या बोलण्यात काहीतरी उलटं होतं, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. समोरच्या पायरीवर रामकिसन न्हावी पट्ट्यावर वस्तरा ओढत होता. त्यानं मान वर केली, मिशीकडं एकदा धंद्याच्या नजरेनं बघितलं आणि पुन्हा वस्तरा ओढायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमखासच्या मैदानावर बीडविरुद्ध पहिला सामना होता. शिट्टी वाजली तेव्हा सांडू गोलपोस्टच्या पाया पडत होता. उठून वळला तर बॉल जाळीत.

बीडच्या त्या पोरानं वारा कुठून येतोय ते बघायला म्हणून मधूनच लाथ घातली होती, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. पण जाळीतला बॉल जाळीतच होता, आणि सांडू त्याच्याकडं बघत उभा होता, दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलेल्या माणसासारखा. त्याला आठवतं ते एवढंच की मैदानावर आवाज झाला नाही. आवाज व्हायला लोकांचा आधी विश्वास बसायला पाहिजे. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. आप्पासाहेब टीमचे मॅनेजर. फुटबॉलला त्यांनी उभ्या जन्मात पाय लावला नव्हता, पण जर्सीचं कापड त्यांच्या दुकानचं होतं. निजामाच्या वेळी सगळा फुटबॉल हैदराबादला बघून चालायचा. पोलिस ॲक्शन झाली, पुढं राज्यं मोडली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद सुटलं आणि मुंबईवाले विचारीनात. म्हणून पाच जिल्ह्यांनी मिळून आपापसातच लीग काढली होती. पहिलं वर्ष, चांदीच्या मुलाम्याचा कप, आणि औरंगाबाद म्हणजे मुख्य शहर. अशा वेळी मुख्य शहराच्या गोलीची मिशी पहिल्याच मिनिटाला जाणं आप्पासाहेबांना परवडणारं नव्हतं. त्यांनी पान लावलं, तोंडात घातलं, आणि निकाल दिला. गोल झाला तेव्हा उद्घाटनाचे साहेब जीपमधून उतरतच होते आणि नारळ चपराशाच्या हातात होता. नारळ फुटला नाही तोवर सीझन चालू झाला असं कसं म्हणायचं. रामकिसननं पायरीवरून विचारलं की मग सामना एक-एक बरोबरीत सुटला म्हणतात, ते कसं.

"सामन्यात धरला," आप्पासाहेब म्हणाले. "मिशीत धरला नाय."

सगळ्यांनी माना हलवल्या. सांडूनं पण हलवली. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं आणि वाटलंही, पण घरी जाताना सबंध रस्ता मिशीखाली खाजत होतं. आत, मुळाशी. खाजवलं की थांबायचं आणि बोट काढलं की पुन्हा. घरी आवडाबाईनं ताट वाढलं. सामन्याचं तिनं विचारलं नाही, तिला भिंतीपलीकडून सगळं आधीच कळलेलं असायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मिशीशिवाय तिनं नवरा बघितलेला नव्हता. मला वाटलं होतं आज बघायला मिळंल, खाली काय हाय ते, ती भाकरी थापता थापता म्हणाली. ती चेष्टा करत होती की नाही हे सांडूला तिच्या पाठीवरून कधीच कळत नसे. खाली काय आहे हे त्यालाही आता नीट आठवत नव्हतं. मिशी ॲक्शननंतरची. फौज येऊन गेल्यावर त्या दिवसांत शहरात जो तो काहीतरी बदलत होता. कुणी टोपी बदलली, कुणी सलामाची रीत बदलली, दुकानांच्या पाट्यांवर नवा रंग लागला आणि नव्या रंगाखाली जुनी अक्षरं पावसाळ्यात फुगून वर यायची. अठरा वर्षांच्या सांडूकडं बदलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यानं मिशी ठेवली. आली ती पल्लेदार आली. मिशीवर कचेरीत नोकरी मिळाली असं तो गमतीनं सांगायचा, खरं म्हणजे त्याला उर्दू वाचता यायचं म्हणून मिळाली होती. जुन्या उर्दू फायलींचा मराठीत गोषवारा काढायचा. कुणाचा बैल चोरीला गेला, कुणाची भिंत पडली, कुणी कुणाला मारलं. आणि गोषवाऱ्याच्या शेवटी दर वेळी एकच ओळ, पुढील कारवाईची जरूर नाही. झालेली गोष्ट न झाल्यासारखी करायची कचेरीची ही रीत त्याच्या हाताला इतकी बसली होती, की ओट्यावरचा निकाल ऐकताना त्याच्या मनात तीच ओळ आपोआप लिहून झाली होती.

नांदेडला टीम रेल्वेनं गेली. उतरल्या उतरल्या यजमानांनी हार घातले आणि सरळ पंगतीला बसवलं. सामना दुपारी होता आणि जेवण सामन्याआधी. नांदेडकरांनी हा डाव पद्धतशीर आखला होता: बुंदी, वर तूप, वर आग्रह. एक वाढणारा ताटासमोरून हलेचना, माझ्या गळ्याची शपथ म्हणायचा. फुलबॅक दाऊद, ज्याची शहागंजात नानची भट्टी होती आणि ज्याला दुसऱ्याच्या हातचं अन्न सहसा पसंत पडत नसे, तोसुद्धा पाघळला. डावात एकच खोट होती. पाहुण्यांना एकटं जेवू घालायची नांदेडात रीत नाही. यजमानानं शेजारच्या पाटावर बसून घासाला घास खायचा असतो. त्यामुळं नांदेडची टीम पण तेवढीच जेवली. दुपारी दोन्ही टीमा मैदानावर उभ्या होत्या, म्हणजे उभ्याच होत्या. बॉल मधे पडलेला असायचा आणि दोन्हीकडची माणसं त्याच्याकडं बघून सुस्कारे टाकायची. नांदेडचा सेंटर-फॉरवर्ड एकदा बॉलपाठी धावला आणि परत आलाच नाही, बाभळीखाली आडवा झाला. तरी पण एक गोल बसला. हळूहळू, घरंगळत, मांजर दारातून आत येतं तसा आला. सांडूला तो येताना दिसत होता. वाकायचं होतं फक्त. वाकायचा हुकूम त्यानं अंगाला दिला आणि अंगानं तो बुंदीपर्यंत पोचवला, पुढं नाही. बॉल पायाजवळून आत जाताना त्याला विलक्षण शांत वाटलं. चला, हा झाला, त्याला वाटलं. हा अगदी स्वच्छ झाला, कुणाची हरकत नाही, नारळही फुटलेला. औरंगाबादनं सामना दोन-एकनं जिंकला, पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. परतीच्या गाडीत तो खिडकीला डोकं टेकून मिशीवरून बोट फिरवत होता, माणूस विकायला काढलेल्या गाईच्या पाठीवरून फिरवतो तसं.

ओट्यावर आप्पासाहेबांनी पानाला चुना लावायच्या आतच निकाल दिला. पाहुण्याला जेवू घालून वर जे काय दिलं जातं तो आहेर असतो. आहेराला गोल कोण म्हणतं. सामन्यात धरला, मिशीत धरला नाही. रामकिसन वस्तरा पुसून आत गेला.

उस्मानाबादच्या वेळी दाऊदनं आपलाच बॉल आपल्याच जाळीत मारला. इतका सुंदर मारला की उस्मानाबादच्या लोकांनी त्याला उचलून घेतलं आणि बऱ्याच वेळानं खाली ठेवलं. निकालाला या वेळी वेळच लागला नाही. घरच्या माणसानं घरात आणून टाकलेली वस्तू. तिला चोरी म्हणत नाहीत तसं गोलही म्हणत नाहीत. तोवर शहरात सांडूला त्याच्या नावानं कुणी हाक मारीनासं झालं होतं. टांगेवाले, कचेरीतले, शाळेची पोरं, सगळे त्याला मिशी म्हणायचे. मिशी चालली. मिशीला चहा द्या. तीन गोल खाऊन एकही न खाल्लेला गोली म्हणून जालन्यापर्यंत नाव झालं. आणि सांडूची झोप उडाली. त्याला वाटायला लागलं की आपल्याला काही लागतच नाही. आपण अंधारात हात पुढं करतोय आणि भिंत आहे की नाही हे कुणी कळू देत नाही. एका रविवारी सकाळी तो सरळ जाऊन रामकिसनच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, काढ. रामकिसननं फडकं झटकलं, गळ्याभोवती गुंडाळलं, साबण घोळला, आणि मग ब्रश हवेतच धरून रस्त्यापलीकडं ओट्याकडं बघितलं.

"आप्पासाहेबांनी धरला का गोल?"

"मी धरला," सांडू म्हणाला.

"तुमच्या धरण्यानं काय होतं," रामकिसन म्हणाला. "मिशी आता जिल्ह्याची हाय. उद्या मला दुकान चालवायचंय हितं." आणि त्यानं साबण सांडूच्या गालांना लावला, दाढी केली, मिशीला कोरून दिली, तेल लावलं, आणि आरसा दाखवला.

आरशात मिशी दिसली. मग कितीतरी वेळानं सांडू. त्याच आठवड्यात दाऊदनं भट्टीवर नान उलटता उलटता सहज सांगितलं की परभणीकडून इलियास खेळतोय म्हणे. अपना इलियास. तिकडं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. सांडूच्या हातात गरम नान होतं ते त्यानं या हातातून त्या हातात घेतलं. इलियास म्हणजे शाळेच्या मागचं पडीक रान. रोज संध्याकाळी इलियास मारायचा आणि सांडू अडवायचा, दुसरं कुणी लागायचं नाही. गोलपोस्ट म्हणजे एकीकडं मोठा धोंडा आणि दुसरीकडं दोघांच्या चपलांचा ढीग. वरची दांडी नव्हतीच. त्यामुळं बॉल बाजूनं गेला तर भांडण नसायचं, पण वरून गेला की आत गेला यावर अंधार पडेपर्यंत भांडण. सांडूनं हात वर करून उडी मारायची, आणि जिथंपर्यंत बोटं पोचली तिथं दांडी आहे असं धरायचं, हा नियम इलियासचा. बोटं पोचली नाहीत असं म्हणायचा हक्क सांडूचा. इलियास लाथ मारायच्या आधी जीभ बाहेर काढायचा. जीभ डाव्या कोपऱ्यात आली की बॉल उजवीकडं वर जाणार. हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं, सांडूनं कधी सांगितलं नाही. भाद्रपदातल्या त्या संध्याकाळी जीभ डावीकडं आली, बॉल उजवीकडं वर गेला, सांडूनं उडी मारली आणि बॉल बोटांच्या टोकांना लागून, नखांच्या वरून म्हणा की खालून म्हणा, मागच्या ज्वारीत गेला. गोल, इलियास म्हणाला. वरून, सांडू म्हणाला. भांडत भांडत दोघं गावात शिरले, चौकाजवळ वेगळे झाले, आणि इलियास लांबून ओरडला की कल फैसला करेंगे. दुसऱ्या दिवशी शहरात फौज आली. पुढं महिनाभर कोण कुठं आहे ते कुणालाच कळत नव्हतं. इलियासच्या वडिलांनी घराला कुलूप लावलं आणि सासुरवाडीला परभणीला गेले, असं पुढं कधीतरी ऐकायला आलं. सांडू एकदा त्या रानात जाऊन आला होता. धोंडा होता, चपला अर्थातच नव्हत्या. त्या ज्वारीतून तो बॉल कुणी काढला की नाही हे त्याला आजतागायत माहीत नव्हतं. दहा वर्षांत त्यानं शेकडो फायलींच्या खाली ती शेवटची ओळ लिहिली, पण ह्या एका प्रकरणाखाली ती लिहिता आली नव्हती. तो शॉट अजून वर हवेतच होता.

शेवटचा सामना परभणीशी, आमखासवर. बरोबरी झाली तरी कप औरंगाबादचा. परभणीला जिंकणंच भाग. आप्पासाहेबांनी या वेळी कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं होतं. सांडूच्या गोलपोस्टला त्यांनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, वर झेंडूच्या माळा, आणि वरच्या दांडीला दुकानच्या नावाचं मांजरपाटाचं कापड. पहिल्या सामन्याची चूक नको म्हणून नारळ शिट्टीच्या आधी फुटायचा होता, आणि तोही त्या गोलपोस्टवरच, म्हणजे पुन्हा कुणाला काही बोलायला जागा नको. नारळ फोडायला बोलावलेले पाहुणे अंगानं भरलेले होते. नारळ मात्र गुलमंडीतून स्वतः आप्पासाहेबांनी निवडून आणलेला, वाळून गोटा झालेला. पाहुण्यांनी खांबावर आपटला, फुटला नाही. पुन्हा आपटला. लोक टाळ्या वाजवायला हात वर धरून थांबलेले. पाहुण्यांनी कोट काढून चपराशाजवळ दिला आणि दोन्ही हातांनी आपटायला लागले. खांब हलत होता, झेंडू गळत होते. शेवटी नारळ फुटला तेव्हा वरची दांडी एका टोकाला बोटभर खाली आली होती. सांडूनं ते बघितलं, आणि रंग उडालाय म्हणून तसं दिसत असेल असं त्याला वाटलं. त्याचं लक्ष तिकडं नव्हतं. टीमा हात मिळवायला समोरासमोर आल्या होत्या. इलियास तसाच होता, वाळका, मोठ्या कानांचा, नखात वंगण. काय बोलायचं ते सांडूनं सकाळपासून घोळवलं होतं. इलियासनं त्याच्या हातात हात दिला, दाबला, मिशीकडं बघून जरासा हसला, लोक हत्तीकडं बघून हसतात तसा, आणि पुढं सरकला. पुढं दाऊद होता. दाऊदला त्यानं मिठीच मारली. मग सांडूला अगदी दोन हातांवरून ऐकायला आलं, इलियास दाऊदला विचारत होता की वो सांडू किधर रहता रे अब, है क्या नै औरंगाबाद में. दाऊदनं तोंड उघडलं, तेवढ्यात रेफ्रीनं शिट्टी मारली आणि सगळे आपापल्या जागी पळाले. सांडूला नुसतं हाँ म्हणायचं होतं. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं, हात वर केला असता तरी चाललं असतं. त्याऐवजी त्याचा हात मिशीवर गेला आणि त्यानं तिला पीळ दिला. चारी बाजूंनी लोक ओरडले, मिशी, मिशी. आपण आत कुठंतरी, एका मोठ्या केसाळ दाराच्या मागं उभे आहोत आणि बाहेरून कुणीतरी आपली चौकशी करून निघून गेलं, असं त्याला वाटत राहिलं, आणि ते वाटता वाटता पहिला हाफ संपलासुद्धा.

शेवटाला चारपाच मिनिटं उरली असतील, कोणाचाच गोल नव्हता, तेव्हा इलियासला बॉल मिळाला. मधे दाऊद होता, तो घसरून पडला आणि पडल्या पडल्या हात जोडून राहिला. इलियासनं मान वर केली. सांडूनं पायाकडं बघितलंच नाही, तोंडाकडं बघितलं. जीभ बाहेर आली. डावा कोपरा. उजवीकडं वर, सांडूच्या अंगानं त्याला विचारायच्या आधीच ठरवलं, आणि तो उडाला. दहा वर्षांत एवढी उडी त्यानं मारली नव्हती. बोटांना बॉल लागला, शिवण लागली, मग लगेच लाकूड लागलं, आणि वरची दांडी तोरण, झेंडू आणि मांजरपाटासकट खाली आली ती सरळ त्याच्या तोंडावर.

बॉल मागच्या गर्दीत होता. तो दांडीच्या खालून गेला की वरून, हे ठरवायला दांडीच जागेवर नव्हती. रेफ्री म्हणजे दोन्ही जिल्ह्यांचे नकोत म्हणून नगरहून बोलावलेले ड्रॉइंगचे मास्तर. त्यांनी एक डोळा मिटला, अंगठा पुढं धरला आणि हवेत माप घेतलं. परभणीचे लोक गोल म्हणत होते, औरंगाबादचे वरून म्हणत होते. शेवटी मास्तर खाली वाकले आणि म्हणाले की गोलकीपरनंच सांगावं, त्याच्यावर आमचा विश्वास आहे. मैदान चिडीचूप झालं. सांडू उताणा पडला होता, ओठ फाटलेला, तोंडात रक्त आणि झेंडूच्या पाकळ्या. आत, त्याला म्हणायचं होतं. त्याला पक्कं माहीत होतं, आत. हे एक वाक्य त्याचं स्वतःचं होतं, ओट्यावर जायच्या आधीचं. तोंडातून नुसता फेस आला. मला आधी उठवा, मग सांगतो, अशा अर्थी त्यानं हात वर केला.

"वरून म्हणतोय," आप्पासाहेब म्हणाले.

मास्तरांनी शिट्टी मारली. कप औरंगाबादचा झाला.

दवाखान्यात कंपाउंडरनं दिवा जवळ ओढून बघितलं आणि टाके पडणार म्हणून सांगितलं, म्हणजे आधी केस काढायला लागतील. आप्पासाहेब कप बगलेत घेऊन दारात उभे होते. मिशी तशीच ठेवून मधून टाके घालता येणार नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मला गादी नाय शिवायची, कंपाउंडर म्हणाला, आणि कात्री लावली. बरीच कात्री लागली. मग आप्पासाहेबांनी तिथंच उभ्या उभ्या निकाल दिला की दवाखान्यात गेलेली मिशी बोलीत धरता येत नाही, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा येईल, आणि मिरवणुकीला उशीर होतोय म्हणून ते गेले. सांडूनं खुणेनं ते केस मागून घेतले. कंपाउंडरनं त्याच्याकडं जरा बघितलं, पण पेपराच्या तुकड्यात पुडी बांधून दिली. वरच्या ओठाला वारा लागत होता. जाग आलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढावं तसा, थेट. तेवढ्यात दारात इलियास आला. हातात मोसंब्यांची पिशवी, जखमी गोलीला भेटायची रीत म्हणून आलेला. आत दोन पावलं टाकली आणि थांबला. बराच वेळ नुसता बघत राहिला. सांडूला वाटलं आपल्या अंगावर काहीच कपडे नाहीत.

"सांडू?"

सांडूनं मान हलवली.

"मैदान में कैकू नै बोला?"

सांडूनं टाक्यांकडं बोट दाखवलं.

"अब का नै पूछ रा मैं. हाथ मिलाया तब कैकू नै बोला?"

इलियास खाटेच्या कडेला टेकला. एक मोसंबं सोलायला लागला, मग सांडूचा ओठ बघून स्वतःच खायला लागला. पोरं किती, वालिद कधी गेले, जिनिंगचं मशीन कसं इंग्रजाच्या वेळचं आहे, असलं काहीबाही सांगत होता, प्रश्न विचारायचा आणि उत्तर येणार नाही म्हणून स्वतःच द्यायचा. मग बी थुंकून हातात घेतली.

"वो उस दिन का. ज्वारी में गया सो. गोल था ना?"

सांडूनं मान हलवली. हो.

"और आज का?"

सांडूनं जास्त जोरात मान हलवली. टाका दुखला.

इलियास हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "आज का तो ऊपर से गया रे पागल," तो म्हणाला. "साफ ऊपर से. मारते ही मेरेकू समझ गया था."

सांडू पडल्या पडल्या बोटांवर मोजायला लागला. म्हणजे आजचाही नाही. नारळाचा नाही, बुंदीचा नाही, दाऊदचा नाही, आणि आजचाही नाही. सबंध सीझनमध्ये एकच गोल शिल्लक राहिला, तो सीझनच्या दहा वर्षं आधीचा. पण तो होता. मारणाऱ्यानं म्हटलं होतं आणि अडवणाऱ्यानं मान हलवली होती, आणखी कोणाला विचारायचं राहिलं नव्हतं. त्यानं उशाची पुडी काढून इलियासला दाखवली. बोलीची गोष्ट इलियासला ठाऊक होती, परभणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तो म्हणाला, सकाळी गाडी आहे, जाता जाता ठेवू.

सकाळी आवडाबाईनं नवरा बघितला. बरं दिसतंय, ती म्हणाली, लहान दिसतंय, आणि दूध तापवायला गेली. तिच्या पाठीवरून या वेळी कळलं की ती चेष्टा करत नाही. सांडू आणि इलियास चालत गुलमंडीला आले तेव्हा दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्या होत्या, आदल्या दिवशीच्या मिरवणुकीचा गुलाल रस्त्यावर तसाच होता. सांडूनं चौकाच्या मधे पुडी ठेवली, ती उडू नये म्हणून इलियासनं वर खडा ठेवला. पुढं काय करतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. सांडूनं त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही, मग स्टेशनला न्यायला थांबलेल्या टांगेवाल्यानं गाडी चुकेल म्हटल्यावर सोडला. टांगा पैठण गेटाकडं वळेपर्यंत तो बघत उभा राहिला. मग आप्पासाहेब आले, पाठोपाठ दोघंतिघं ओट्यावरचे आले, फळ्या निघाल्या, रामकिसननं दुकान उघडून पायरीवर पाणी मारलं. सांडूला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं आप्पासाहेबांचा दंड धरला आणि चौकाकडं बोट केलं. सगळ्यांनी तिकडं बघितलं. खडा बाजूला पडला होता. एक शेळी पुडी कागदासकट चावत होती, आणि ते बघेपर्यंत तिनं ती गिळली. शेळी रामकिसनची होती.